कॉट बेसिसवरचे साहेब

खान्देशातून बाहेर पडायला चार दारं आहेत: सुरत, नाशिक, कल्याण आणि पुणे. ज्याला ताबडतोब हाताला काम हवं असतं तो सुरतेला जातो. त्यात नवल नाही. आमची तापीसुद्धा मुलताईहून निघते, भुसावळवरून वाहते आणि शेवटी सुरतेलाच जाते. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत इतकी अहिराणी कानावर पडते, की आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच कळतं. ज्याला कंपनीत ‘लागायचं’ असतं तो नाशिकला, सातपूर नाहीतर अंबडला. ज्याला मुंबईत राहायचंय पण मुंबई झेपत नाही, तो कल्याणला उतरतो आणि गावी आल्यावर ‘मुंबईला असतो’ म्हणतो. आणि ज्याला आपण नेमकं काय करायचंय हे माहीत नसतं, फक्त इंजिनिअर झालोय एवढंच माहीत असतं, तो पुण्याला जातो.

मी पुण्याला गेलो. साल २००९.

ज्योतिषाला विचारून मुद्दाम सर्वांत वाईट मुहूर्त काढला असता, तरी याहून चांगला निघाला नसता. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स नावाची बँक बुडाली. आमच्या अण्णांनी पेपर खाली ठेवून निदान केलं, “भाऊभाऊ होते ना? मग वाटणीवरूनच बुडालं असणार.” त्यानंतर ७ जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीच्या मालकाने स्वतःच पत्र लिहून कळवलं, की आमच्या वहीत दाखवलेले हजारो कोटी मुळात नव्हतेच. अण्णा जळगावच्या एका दालमिलमध्ये हिशेबनीस. तुरीच्या एका पोत्याचा फरक निघाला तर त्यांना मालक रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवी. ती बातमी त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली. रागाने नव्हे, व्यावसायिक कुतूहलाने.

थोडक्यात, जगभरातून माणसं नोकरीतून बाहेर पडत होती, तेव्हा मी आत शिरायला निघालो होतो.

आता कुणी म्हणेल, मग निघालास कशाला? त्यांनी जळगावचा मे महिना पाहिलेला नाही. पारा ४५ च्या वर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि कूलर गरम वाफेचा फवारा तोंडावर मारतोय. अशा दुपारी घेतलेले निर्णय कायद्यानेच रद्दबातल ठरवायला हवेत. शिवाय संध्याकाळी जरा हवा सुटली की माणसं ओट्यावर येत आणि त्यातला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी: “काय करू राहिला भो सध्या?” मी काहीच करू राहिलो नव्हतो. हे उत्तर पहिल्या आठवड्यात विनोदी वाटतं. नंतर लोक तो प्रश्न आपल्या आईला विचारायला लागतात.

घरात शहराचा विषय निघाला की अमळनेर निघायचंच. विप्रोचा जन्म अमळनेरचा, १९४५ चा, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्या काळी ज्या अमळनेरकरांनी शेअर घेतले आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिले, ते पुढे गाव न सोडता कोट्यधीश झाले. आमच्या आजोबांनाही कुणीतरी म्हटलं होतं, शेअर घ्या. आजोबांनी विचारलं, “दूध देतो का?” आणि त्या पैशांत म्हैस घेतली. शेअरवाल्यांना पुढे बोनसवर बोनस मिळत गेले. आमच्या म्हशीनेही दिले, पण सगळे रेडेच. त्यामुळे घराण्याची संगणकक्षेत्रातली पहिली संधी गेली, ती परत मिळवायची जबाबदारी माझ्यावर आली, असं अण्णांचं मत.

इशारा फक्त मराठीच्या सरांनी दिला होता. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खान्देशातून पुण्याला जातो, वडिलांचे पैसे घालवतो आणि हात हलवत परत येतो. सर म्हणाले, “पुण्याला जाऊन काहीही न करता परत येण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. तू नवीन काही करणार असशील तर जा.” मला ते प्रोत्साहन वाटलं. पण एक गोष्ट मनात पक्की झाली. नेमाड्यांनी त्यातून कादंबरी केली आणि पुढे ज्ञानपीठही मिळवलं. माझा निबंधसुद्धा कधी वर्गात वाचून दाखवला गेला नव्हता. म्हणजे रिकाम्या हाताने परतायची सोय मला नव्हती.

खरा धक्का दिला तो धुळ्याच्या मामांनी. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, आणि या भौगोलिक घटनेचं श्रेय मामा थोडंसं स्वतःकडे घेतात. “भाचा, आपला चौफुलीवरतून चारी मेर रस्ता जातस. तू निस्ता बठ गाडीमा. काम काय, भेटी जाई.” त्या चारपैकी एकाही रस्त्याने मामा मालेगावच्या पुढे गेले नव्हते. पण धुळ्यात, त्यांच्या देवपुरात, त्यांचा शब्द प्रवासाच्या बाबतीत अखेरचा मानला जाई.

अण्णांनी दालमिलच्या जुन्या पावतीच्या पाठीमागे माझ्या पुण्याचा हिशेब मांडला. मध्ये उभी रेघ. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाच्या बाजूला राहणं, मेस, बस, फोन, फोटोकॉपी असं भराभर लिहून झालं. जमेच्या बाजूला आल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी कूलरकडे पाहिलं.

पहाटे पुण्यात ट्रॅव्हल्समधून उतरलो. अजिंठ्याचा घाट, औरंगाबाद, नगर असा रात्रभर हाडं खिळखिळी करणारा प्रवास, मांडीवर बिबड्यांचा डबा. पिशवीत असतात ते केळीचे वेफर्स. बिबडे मात्र मांडीवर घ्यावे लागतात, ते फुटले तर घरी फोन करून सांगावं लागतं.

आधी दलालाकडे गेलो. जागा बघायची हौस होती. दोन महिन्यांचं डिपॉझिट, एका महिन्याची दलाली, अकरा महिन्यांचा करार. सोबत आलेले अण्णा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांनी विचारलं, “अकराच का?” दलाल म्हणाला, “बारा झाले तर रजिस्टर करावा लागतो, काका.” अण्णा म्हणाले, “अहो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करावाच लागतो, महिने कितीही असोत.” दलालाने अण्णांकडे आदराने पाहिलं आणि आम्हाला दुसरी जागा दाखवायचं बंद केलं.

मग कॉट. पुण्यात ‘कॉट बेसिस’ नावाची एक व्यवस्था आहे. तुम्ही खोली भाड्याने घेत नाही, खोलीतली एक खाट घेता. खोलीत अशा चार खाटा, चार भिंती, चार खिळे. प्रत्येकाचा खिळा ठरलेला. माझी खाट आकुर्डीत होती. गावाकडे ‘पुण्याला असतो’ म्हणायचं आणि राहायचं आकुर्डीत. कल्याणवाल्यांना हसायचा माझा अधिकार तिथेच संपला. भाडं दीड हजार. त्या पैशांत तेव्हा जळगावात दोन खोल्या, मोरी, गच्ची आणि घरमालकिणीच्या हातचं कैरीचं लोणचं मिळत होतं. अण्णांनी खिशातून टेप काढली. हो, त्यांनी टेप आणली होती. सहा फूट बाय अडीच फूट, म्हणजे पंधरा चौरस फूट. चौरस फुटाला महिना शंभर रुपये. मग त्यांनी आमच्या जळगावच्या सहाशे चौरस फुटांच्या घराला त्या दराने गुणलं. साठ हजार आले. त्या रात्री परतीच्या गाडीत त्यांना झोप लागली नाही, असं आई म्हणाली. पुढे बरेच दिवस ते घरात फिरताना जमिनीकडे बघत चालायचे.

पुण्याच्या घरमालकांवर मराठीत इतकं लिहून झालंय, की मीही तयारी करून गेलो होतो. पण आमच्या मालकीणबाई निघाल्या मूळच्या शहाद्याच्या. मला वाटलं, सुटलो. तो गैरसमज होता. परक्या मालकिणीला फक्त भाडं हवं असतं. आपल्याकडच्या मालकिणीला ‘कोणाचा तू?’ याचं उत्तर हवं असतं. बाईंची सख्खी बहीण धुळ्याला देवपुरात, मामांच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. मी सकाळी किती वाजता उठलो ही बातमी पांझरेच्या काठी मी दात घासायच्या आत पोचत असे.

कामाच्या शोधाचं काम मात्र मी मनापासून केलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट, टाय बॅगेत (बसमध्ये टाय घातलेला माणूस उभा राहिला की कंडक्टर त्याला सुटे मागतो), आणि हिंजवडीची बस. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल केली होती. बसा किती एकत्र आल्या ते मला सांगता येणार नाही, गर्दी मात्र पूर्ण एकत्र आली होती. हिंजवडीला काचेच्या इमारती, त्यांच्यासमोर फाटक, आणि फाटकासमोर आम्ही.

त्या रांगेत जातिव्यवस्था होती. सर्वांत वर ते, ज्यांच्याकडे ऑफर लेटर होतं पण कंपनीने जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली होती. ते बेकारच होते, पण लेटरवाले बेकार. त्यांच्या खाली अनुभववाले, नुकतेच कमी केलेले. त्यांच्या खाली ‘साठ टक्के थ्रूआउट’ असलेले फ्रेशर. आणि या सगळ्यांच्या खाली, सावली कुठे पडते ते बघून उभे राहणारे आम्ही, ज्यांना कुठल्यातरी एका वर्षाने दगा दिला होता. मला दुसऱ्या वर्षाने दिला, छप्पन टक्के. फाटकावरचा सिक्युरिटी गार्ड रोज सकाळी ओरडायचा, “साठच्या खालचे साईडला!” आणि मी साईडला व्हायचो. साईड म्हणजे त्याच्या स्टुलाशेजारी.

अशी आमची ओळख झाली. एकदा त्याने विचारलं, “कुठला भो?” त्या ‘भो’ने मला गहिवरून आलं. तो रावेरचा. घरी पाच एकर केळी, ठिबकवर. त्या वर्षी कापणीला आलेली बाग वादळात आडवी झाली, म्हणून भावाला शेतात ठेवून हा इकडे गणवेश घालून उभा होता. तो रोज मला आतल्या बातम्या देई. कोणत्या कंपनीत माणसं घेणार, कुठे नुसता देखावा आहे, कुठल्या एचआर मॅडमचा उपास कोणत्या वारी असतो. माझ्या चार वर्षांच्या अभियांत्रिकी शिक्षणाचा जितका उपयोग झाला नाही, तितका त्याच्या स्टुलाचा झाला. तो आत जायला लागला की ते स्टूल मला मिळे.

क्वचित आतही जायला मिळालं. एका टेबलावर बाईंनी माझी पदवी हातात घेऊन विचारलं, “नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी, म्हणजे नाशिक ना?”

“नाही मॅडम, नाशिक पुणे विद्यापीठात आहे.”

“मग नॉर्थला काय आहे?”

“जळगाव, धुळे, नंदुरबार.”

त्यांनी मान डोलावली आणि फॉर्मवर लिहिलं, नाशिक.

मग ती घटना घडली. एका कंपनीने कधी नव्हे ते साठ टक्क्यांची अट काढली आणि मला लेखी परीक्षेला आत घेतलं. गळ्यात निळ्या फितीचं कार्ड अडकवलं. प्रश्नपत्रिकेत गाड्या फलाट ओलांडत होत्या. अमुक मीटरची गाडी तमुक मीटरचा फलाट किती सेकंदांत ओलांडेल? भुसावळ जंक्शनच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे विचारणं बरं नव्हे. आमच्या डोळ्यांपुढे फलाट आला की गाडी थांबते, चहावाला येतो, पाण्याच्या बाटल्या भरल्या जातात. मी बराच वेळ त्या गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या विचारात होतो. पेपर त्यांनी काढून घेतला.

पण बाहेर पडताना, कार्ड परत करण्याआधी, सोबतच्या कॉटवाल्याने मोबाइलवर माझा फोटो काढला. मागे काचेची इमारत, गळ्यात निळी फीत, चेहऱ्यावर परीक्षेनंतरचं शून्य. कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘व्हिजिटर’ छापलेलं होतं आणि नेमका त्याच्यावर माझा अंगठा आला. अंगठा तिथे कसा गेला याचा खुलासा मी अजून करू शकलेलो नाही. त्या रात्री फोटो ऑर्कुटवर चढला. धुळ्यातला मावसभाऊ सायबर कॅफे चालवायचा. त्याने रंगीत प्रिंट काढली. मामांनी ती लॅमिनेट करून घेतली.

तिसऱ्या दिवशी देवपुरात पेढे वाटले गेले.

मी घाबरून फोन केला. “मामा, तसं नाहीये. मी तिथे नुसता गेलो होतो.”

मामा खूश झाले. “मोठा मानसे आसंच बोलतस,” असं म्हणून त्यांनी फोन मामीकडे दिला. मामीने विचारलं, कंपनीत एसी आहे का? आहे, हे तर मला नाकारता येत नव्हतं.

अण्णांना खरी परिस्थिती ठाऊक होती. पैसे तेच पाठवत होते. मी म्हणालो, लोकांना खोटं कसं सांगायचं? अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “खोटं नाही ते. ‘येणे बाकी’ म्हण. आज नाही, पण येणार आहे, अशी रक्कम वहीत दाखवता येते.” मी म्हटलं, सत्यमनेही हेच केलं होतं. त्यावर त्यांनी, सत्यमची रक्कम मोठी होती, एवढाच फरक नोंदवला.

ही येणे बाकी वसूल करायला माणसं येणार, हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही. दिवाळी झाली आणि एका पहाटे दारात साक्रीचा एक मुलगा उभा. हातात शेंगांची पिशवी, त्यावर बायोडाटा. “मामांनी पाठवलं. म्हणाले, भाऊ लावून देईल.” तो मामांच्या साडूचा पुतण्या. त्याला परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. कारण माझ्याकडे एकच होतं आणि ते देवपुरात चालणारं नव्हतं. मी त्याला कॉटखाली झोपायला जागा दिली. मग शिंदखेड्याचा एक आला. मग पारोळ्याचा, त्याची तर मामांशी ओळखही नव्हती, त्याने लॅमिनेट केलेला फोटो पाहिला होता फक्त.

मालकीणबाई दारातल्या चपला मोजायच्या. एका संध्याकाळी त्यांनी निकाल दिला: “कॉटचं भाडं कॉटचं. कॉटखालचं वेगळं.” खालच्या मजल्याचा दर पाचशे ठरला. नोकरी नसलेला मी आता पोटभाडेकरू ठेवून होतो.

आणि मी त्यांना शिकवायचो. काय सांगता! रात्री मेसमधून आल्यावर तिघे जमिनीवर, मी कॉटवर. रांगेत उभं कुठे राहायचं, बायोडाट्यात छंद काय लिहायचे, ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला गावापासून सुरुवात का करायची नाही. मुलाखतीत नापास होण्याचा माझ्याइतका अनुभव त्या इमारतीत कुणालाच नव्हता, त्यामुळे विषयावर प्रभुत्व होतं. रविवारी त्यांना शहर दाखवायचो. पिंपरी-चिंचवडमध्ये एक प्राणिसंग्रहालय आहे, आसोद्याच्या आपल्या बहिणाबाई चौधरींच्या नावाचं. तिथे पोरांना जरा घरी आल्याची भावना व्हायची. आमच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं २०१८ साली. सापांना आणि मगरींना ते आधीच लाभलं होतं.

थंडीत आईने ट्रॅव्हल्सने गोणपाटभर वांगी पाठवली. बामणोदची, हिरवी-पांढरी, एकेक किलोच्या घरातली. सोबत चिठ्ठी: ‘साहेबांना भरीत खाऊ घाल.’ कोणत्या साहेबांना? मी वांगी मालकीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी एक वांगं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि त्यांचा आवाजच बदलला. कपाशीच्या पऱ्हाट्या आकुर्डीत कुठून आणणार? गॅसवर भाजली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर कळण्याची भाकरी. त्या रात्री कॉटवरचे आणि कॉटखालचे एकाच पंगतीत बसले आणि त्या महिन्याचे खालचे पाचशे माफ झाले. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाचशे रुपये माफ करून घेण्याची त्याची ताकद मला आधीपासून माहीत होती.

आणि मग साक्रीचा मुलगा लागला. बाणेरच्या एका छोट्या कंपनीत, टेस्टिंगमध्ये. त्याने साक्रीला फोन करून सांगितलं, “भाऊने लावून दिलं.” मी हे नाकारायला गेलो, तर आता ते सिद्धच झालेलं होतं. मामांचा दरारा शिरपूरपर्यंत गेला.

अशा माणसाला स्थळ येणारच. चाळीसगावचे एक काका, सोबत त्यांचे मेहुणे, दोघे न कळवता आकुर्डीला आले. आमच्याकडे केळीचा व्यापारी आधी बाग बघतो, मग भाव बोलतो. काकांचीही पद्धत तीच. खोलीकडे त्यांनी नजरसुद्धा टाकली नाही. “राहण्याचं काय, लग्नानंतर बदलतं. कंपनी दाखवा.”

मी त्यांना हिंजवडीला नेलं. दुसरं काय करणार होतो? बसमध्ये मेहुण्यांनी विचारलं, कंपनीची गाडी नाही का येत? मी म्हणालो, मला साधेपणा आवडतो. फाटकासमोर पोचलो. काचेची इमारत उन्हात चमकत होती. काकांनी मजले मोजले. “कितव्यावर बसता?” मी बोट वर केलं, नेमकं कुठे ते सांगितलं नाही.

तेवढ्यात रावेरकर गार्डने मला पाहिलं. स्टुलावर बसायला न येता दोन परक्या माणसांना घेऊन उभा आहे, म्हणजे काय चाललंय हे त्याने एका क्षणात ओळखलं. तो उठला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. “काय साहेब, आज सुट्टी का?”

काकांची छाती माझ्या वतीने फुगली. आयुष्यात मला मिळालेला तो पहिला सलाम, आणि तो देणारा माझा एकुलता एक शुभचिंतक. मी भारावून गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या लक्षात उशिरा आलं. काका त्याच्याशी बोलायला लागले होते.

“गाव कोणतं?” रावेर. “मामाचं गाव?” ते काकांच्या बहिणीच्या सासरचं निघालं. “शेती?” पाच एकर, केळी. “पाणी?” विहीर, ठिबक. “भाऊ?” एकच, शेतात असतो. “पगार किती मिळतो?” साडेपाच हजार, ओव्हरटाइम वेगळा. “रोज आत जाता?”

“रोज जातो ना काका. दोन वेळा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या टायकडे पाहिलं. मग फाटकाकडे. “आणि हे?” रावेरकर सज्जन माणूस, तो खोटं बोलला नाही आणि खरंही बोलला नाही. तो म्हणाला, “साहेबांचं काम बाहेरचंच जास्त असतं.”

परतीच्या बसमध्ये काका फारसं बोलले नाहीत. मेहुण्यांनी मात्र केळीच्या घडाला यंदा काय भाव लागला, याची चौकशी केली. माझ्याकडे.

लग्न उन्हाळ्यात चाळीसगावला झालं. रावेरकराचं. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, मांडवात तेवढ्यापुरते आणलेले पंखे, आणि माइकवर नावं पुकारणारा माणूस. त्याने माझं नाव पुकारलं, मधला माणूस म्हणून. मी व्यासपीठावर गेलो. टॉवेल-टोपी देऊन माझा सत्कार झाला. फोटोग्राफरने हसायला सांगितलं. नवरदेवाने वाकून कानात विचारलं, “नाराज नाही ना भो?” मी म्हणालो, “स्टुलाचं काय केलंस?” ते त्याने दुसऱ्या गार्डला सांगून ठेवलं होतं, माझ्या नावाने.

ते लागलं नाही. पावसाळ्यात साक्रीच्या मुलाने त्याच्या कंपनीत माझी शिफारस केली. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता: उमेदवाराला कसे ओळखता? त्याने लिहिलं, ‘यांच्या कॉटखाली राहत होतो.’ मॅनेजरला ते एवढं प्रामाणिक वाटलं की मला गाड्यांचा आणि फलाटांचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. साक्रीचा मुलगा आजही गावी गेला की मला ‘माझे सर’ म्हणतो आणि मी कंपनीत त्याच्या हाताखाली आहे हे सांगत नाही. अण्णांनी पगाराची स्लिप मागवून घेतली, प्रॉव्हिडंट फंडाच्या कपातीत तीन रुपयांचा फरक काढला आणि मला एचआरकडे पाठवलं. फरक खरोखरच होता.

पहिल्या दिवशी गळ्यात पक्कं कार्ड आलं. माझा फोटो, माझं नाव, कर्मचारी क्रमांक. अंगठा बाजूला ठेवून मी नीट फोटो काढला, मावसभावाला पाठवला आणि मामांना फोन लावला.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “ते तं मांगला सालच व्हयी गयं,” ते म्हणाले. “पेढा बी वाटी टाकात. आते पगार कितला वाढना ते सांग.”